पहाटे साडेचारला ओट्यावर बसणारा बॉक्सर

सोलापूरकडच्या एका आईचं पत्र आलंय, नाव-गाव काढून थोडक्यात देतो.

"दादा, मुलगा २६ वर्षांचा आहे. आठवीपासून बॉक्सिंग. राज्याला दोनदा गोल्ड, ऑल इंडिया इंटर युनिव्हर्सिटीला ब्राँझ. गेल्या वर्षी उजव्या हाताचं हाड दुसऱ्यांदा मोडलं, त्याच्या आधी स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, डोक्याला मार लागून दोनदा चक्कर येऊन पडला होता, डॉक्टर म्हणाले आता बास. बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलंय. अजून पहाटे साडेचारला उठतो आणि नुसता ओट्यावर बसून राहतो. एक जिमवाला महिना ११ हजार देतो म्हणतोय, मित्र म्हणतो पुण्याला बाऊन्सर हो, अजून एक जण म्हणतो प्रो फाईट, म्हणजे पैशासाठीची लढत, लावतो, ५० हजार सुटतील. ह्याचे वडील एसटीत कंडक्टर आहेत, दोन वर्षांनी रिटायर होतील. परवा मोबाईलवर एका बॉक्सरचा व्हिडिओ आला, मोहम्मद अलीशी खेळलेला माणूस आणि म्हातारपणी दवाखान्याला पैसे नाहीत. तेव्हापासून झोप नाही. माझ्या पोराचं पण असंच होणार का?"

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोन दिवस टेबलावर होतं, लगेच उत्तर लिहिलं नाही कारण तुम्ही जो व्हिडिओ बघितला त्यातल्या माणसाबद्दल आधी नीट सांगावं असं वाटलं, त्याचं आयुष्य त्या दोन मिनिटांत मावणारं नाही आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

त्यांचं नाव कौर सिंग. पंजाबात संगरूर जिल्ह्यात खनाल खुर्द म्हणून गाव आहे तिथले. शेतकऱ्याघरचा माणूस, फौजेत भरती झाला आणि बॉक्सिंग तिथेच शिकला, तेही बऱ्याच उशिरा, म्हणजे तुमच्या मुलासारखं आठवीत ग्लोव्हज घातलेले नाहीत. १९७९ला नॅशनलला गोल्ड. २७ जानेवारी १९८०ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये मोहम्मद अलीबरोबर चार राऊंडची प्रदर्शनी लढत, आणि त्याच वर्षी आपल्या मुंबईत एशियन चॅम्पियनशिप झाली तिथे हेवीवेटचं गोल्ड. १९८२ला दिल्ली एशियाडला परत गोल्ड, अर्जुन पुरस्कार, १९८३ला पद्मश्री. १९८४ला लॉस एंजेलिस ऑलिंपिक खेळले आणि थांबले. पुढे गावी येऊन शेती केली.

मग थेट २०१७. हृदयाचा त्रास, हॉस्पिटल, आणि बिल भरायला खासगी सावकाराकडून दोन लाखांचं कर्ज. बातमी पेपरात आली तेव्हा सगळे जागे झाले, सैन्याने तीन लाख दिले, केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने पाच लाख मंजूर केले. १९८२च्या मेडलनंतर जाहीर झालेलं एक लाखाचं बक्षीस आपल्याला कधी मिळालंच नाही, असं त्यांनी तेव्हा सांगितलं होतं. २७ एप्रिल २०२३ला ते गेले.

आता ताई, ह्यात कौर सिंगांची चूक शोधू नका. त्यांनी पैसा उडवला नाही, व्यसनात घालवला नाही, कुणापुढे हात पसरला नाही, शेती केली आणि स्वाभिमानाने राहिले. फक्त अलीपुढे चार राऊंड उभं राहून जे कमावलं, ते अंतर कसं राखायचं, जड अंगाने पाय कसे हलवायचे, मार खाताना डोळे उघडे कसे ठेवायचे, ह्या सगळ्याला पुढची तीस-पस्तीस वर्षं कुठे जागाच मिळाली नाही, आणि आजारपण आलं तेव्हा मध्ये ढाल म्हणून काही नव्हतं. माझ्या मते ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या मुलासाठी दोन्हींची तजवीज आत्ता, २६व्या वर्षी करता येते.

पहिलीचं उदाहरण देतो. हवा सिंग, भिवानीचे, तेही फौजेतले, तेही हेवीवेट. ओळीने ११ वेळा नॅशनल चॅम्पियन. १९६२चं एशियाड चीनच्या सीमेवरच्या तणावामुळे हुकलं, तरी माणूस थांबला नाही, १९६६ आणि १९७० दोन्ही वेळा बँकॉकला गोल्ड घेऊन आला. पण मी त्यांना मानतो ते पुढच्या भागासाठी. खेळ संपल्यावर ते भिवानीत पोरांना शिकवायला उभे राहिले, जिथे तेव्हा बॉक्सिंगचं फारसं काही नव्हतं. वर्षानुवर्षं तेच केलं. १९९९चा द्रोणाचार्य, म्हणजे कोचला मिळणारा पुरस्कार, त्यांना जाहीर झाला आणि हातात पडायच्या थोडे दिवस आधी, ऑगस्ट २०००मध्ये, ते गेले. २००८ला बीजिंग ऑलिंपिकला भारताचे पाच बॉक्सर गेले त्यातले चार एकट्या भिवानीचे, विजेंदरचं ब्राँझ त्यातलंच. तोपर्यंत भिवानीत दुसरे चांगले कोच तयार झाले होते, सगळं श्रेय एकट्याचं नाही, पण जमीन कुणी नांगरली ते तिथल्या कुणालाही विचारा.

म्हणजे कोच झालं की सगळं सुटलं का? तर तसंही नाही, म्हणून डिंको सिंगचं सांगतो. मणिपूरचा, अनाथाश्रमात वाढलेला पोरगा, नेव्हीत लागला, १९९८ला बँकॉकला एशियाड गोल्ड. मेरी कोमने स्वतः सांगितलंय की त्याचं गोल्ड बघून ती बॉक्सिंगकडे वळली. पुढे तो इम्फाळला साईच्या, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या, सेंटरमध्ये कोच होता, २०१३ला पद्मश्री मिळाली, म्हणजे कागदावर सगळं व्यवस्थित. तरी २०१७ला कॅन्सर झाला तेव्हा उपचारासाठी घर विकायची वेळ आली. १० जून २०२१ला गेला, वय फक्त ४२. म्हणून सांगतोय, नोकरी आणि आजारपणाची सोय ह्या दोन वेगळ्या विटा आहेत, एक रचली म्हणून दुसरी आपोआप बसत नाही.

आता तुमच्या मुलाकडे येतो. सगळ्यात आधी डोकं.

दोनदा चक्कर येऊन पडलाय आणि आता गप्प बसतो असं तुम्ही लिहिलंय. हे नुसतं दुःख असेल, खेळ सुटल्याचं, ते असणारच, तेरा वर्षं ज्याने रोज स्वतःला बॉक्सर म्हणून ओळखलं त्याला एका सकाळी डॉक्टर म्हणतात बास, तर तो काय लगेच हसत बसेल का? पण डोक्याच्या माराचाही भाग असू शकतो. डोकं दुखतं का, विसरतो का, उजेडाचा त्रास होतो का, पटकन चिडतो का, हे शांतपणे विचारा आणि एकदा न्यूरॉलॉजिस्टला दाखवाच, जुने रिपोर्ट घेऊन जा. आणि मन मोकळं करायला घरच्यांपेक्षा बाहेरचं माणूस बरं वाटत असेल तर १४४१६ ही सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

ह्याच कारणाने ती ५० हजारांची फाईट नको. ह्यावर मी अजिबात मागेपुढे बोलणार नाही. ज्या मुलाला डॉक्टरांनी डोक्यामुळे थांबवलंय त्याला रिंगमध्ये उभं करायला निघालेला माणूस त्याचं भलं बघत नाहीये, उद्या काही झालं तर हा माणूस तुमचा फोन पण उचलणार नाही. बाऊन्सरचं कामही त्याला नको, रात्री दोन वाजता दारू प्यायलेल्या घोळक्यात कोण कुठून काय मारेल सांगता येत नाही, आणि एखादी पोलीस केस अंगावर आली तर सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत आयुष्यभर नडते.

जिमचे ११ हजार मात्र घ्यावेत असं माझं मत आहे, पण दहा तास नाही. अर्धा दिवस मागा, पगार कमी मिळाला तरी चालेल. उरलेला अर्धा दिवस अभ्यासाला पाहिजे.

बी.ए. पूर्ण करणं ही सध्याची सगळ्यात महत्त्वाची फाईट आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं केंद्र तुमच्याजवळच्या कॉलेजात असेल, तिथे आधीच्या वर्षाच्या मार्कलिस्ट घेऊन जा आणि पहिल्यापासून करावं लागेल की मधून प्रवेश मिळेल ते विचारा. पदवी कशाला म्हणाल, तर पटियालाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, एक वर्षाचा कोचिंग डिप्लोमा, शाळेत शारीरिक शिक्षक व्हायला लागणारं बी.पी.एड., ह्या सगळ्या दारांवर पदवी मागतात. इंटर युनिव्हर्सिटीचं मेडल असलेला आणि हातात एनआयएस डिप्लोमा असलेला बॉक्सिंगचा माणूस बेकार बसलेला मी तरी फार बघितला नाही. तोपर्यंत एनआयएसचाच सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो तो करून घ्यावा, शिकवण्याची भाषा येते त्याने. चांगलं खेळता येणं आणि बारा वर्षाच्या पोराला गार्ड का खाली येतोय ते समजावता येणं, ह्यात खूप फरक आहे. रेफ्री-जज व्हायचा पण एक रस्ता आहे, जिल्हा संघटनेत विचारावं, पैसे थोडे असतात पण माणूस रिंगजवळ राहतो आणि डोक्याला धोका नाही.

आता नोकरी. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि वयात पाच वर्षांची सवलत पण आहे, म्हणजे २६ हे वय हातातून गेलेलं नाही. कुठल्या गटाच्या पदाला कुठल्या स्तराचं मेडल चालतं ते शासन निर्णयात दिलेलं असतं, ते एकदा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात बसून समजून घ्या. पण त्याच्याही आधी सर्टिफिकेटची पडताळणी. ताई, हे मी जरा जोरात सांगतोय कारण माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी एक कुस्तीचा मुलगा आला होता, लेखीला पास, मैदानीला पास, कागदपत्र तपासायच्या दिवशी फाईल उघडली तर सर्टिफिकेटची पडताळणीच केलेली नव्हती, जाहिरातीत लिहिलेलं होतं पण त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्याने वाचलं नाही. माझ्यासमोर खुर्चीत बसून तो मुलगा सर्टिफिकेटची घडी घालत होता, उघडत होता, परत घालत होता. खोट्या सर्टिफिकेटांची प्रकरणं बाहेर आल्यापासून हे काम फार काटेकोर झालंय. विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे पडताळणी होते, तुमच्यासाठी ते पुणे. फॉर्म भरायच्या आधी करायची, जाहिरात यायची वाट बघायची नाही. मूळ सर्टिफिकेट लागतात, त्यामुळे मेडलं कुठे ठेवलीत ह्यापेक्षा तो कागद कुठे आहे ते आज बघा, लॅमिनेशन केलं नसेल तर करू नका.

रेल्वे, सैन्यदल, बँका ह्यांच्या खेळाडू भरतीबद्दल तुम्ही विचाराल. तिथे बहुतेक करून खेळत असलेला माणूस हवा असतो, त्यांच्या टीमसाठी. हाताची आणि डोक्याची अशी अवस्था असताना त्या आशेवर एक वर्ष घालवू नये असं मला वाटतं. आणि केंद्र सरकारची खेळाडू पेन्शन असते ती आंतरराष्ट्रीय मेडलवाल्यांना, वयाची तिशी झाल्यावर आणि खेळ थांबल्यावर, राज्याच्या गोल्डवर ती मिळत नाही. हे ऐकून वाईट वाटेल, पण कुणीतरी आशा लावून फॉर्मचे पैसे घेण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

आणि दुसरी वीट, विमा. वडील एसटीत आहेत तोवर काय सोय आहे आणि रिटायर झाल्यावर काय राहते ते डेपोत विचारून घ्या. मुलाच्या नावाने वेगळी मेडिक्लेम पॉलिसी आत्ताच घ्या, फॉर्मवर हाताचं मोडलेलं हाड आणि डोक्याची दुखापत दोन्ही खरंखरं लिहा, एजंट म्हणेल सोडून द्या त्याने हप्ता वाढतो, तरी लिहा, नाहीतर ऐन वेळी क्लेम नाकारतात. पाच-सहा हजारांसाठी ही गोष्ट पुढे ढकलू नका. कौर सिंगांचं कर्ज दोन लाखांचं होतं ताई, दोन कोटींचं नव्हतं.

शेवटी ते पहाटे साडेचारचं. तुम्ही ते काळजीने लिहिलंय, पण मी ते वाचून जरा निवांत झालो. ज्याने सगळं सोडून दिलं तो दहापर्यंत अंथरुणात पडतो. ह्याचं अंग अजून वेळ पाळतंय, फक्त त्याला जायला जागा नाही. तुमच्या गावातल्या झेडपीच्या किंवा हायस्कूलच्या हेडमास्तरांना भेटा आणि विचारा, सकाळी सहा ते सात मैदान मिळेल का, दहा-बारा पोरं येतील का, फी नाही. रिंग लागत नाही, बॅग लागत नाही, सुरुवातीला दोरीवरच्या उड्या, फूटवर्क आणि शॅडो, म्हणजे हवेत पंच मारायचा सराव, एवढंच. त्याने स्वतः स्पारिंग करायचं नाही आणि लहान पोरांच्या डोक्यावर मार बसू द्यायचा नाही, ही अट. पॅड धरताना मोडलेल्या हाताला जपायचं, डॉक्टरला विचारून मगच. एनआयएसला मुलाखतीला जाईल तेव्हा "मी वर्षभर मुलं शिकवली" हे सांगता येईल तो भाग वेगळा.

आणि एक, हे पत्र तुम्ही वाचून दाखवू नका, त्याच्याकडे मोबाईल देऊन ठेवा. त्याच्या मनात आलं तर त्याने मला स्वतः लिहावं, काय येतं त्याला, कुठला पंच आवडायचा, कुणाकडून हरला तेव्हा झोप लागली नव्हती, काहीही. नाही लिहिलं तरी राग नाही. तुम्ही तेवढं पुण्याला पडताळणीचा अर्ज गेला की मला कळवा, पोचपावती घेतल्याशिवाय निघू नका.