कोट घरी शिवा, पण मशीनचा हप्ता नको

प्रश्न: मुलगी डिसेंबरात नोकरीसाठी दिल्लीला चाललीय. तयार लोकरी कोट ६,५०० रुपयांना आहे, म्हणून पॅटर्न (कापड बेतायचा कागदी नमुना) आणून घरीच शिवावा असं मी म्हणते. घरी पायाची जुनी मशीन आहे, पण ती जाड कापड शिवेल का? की २४,००० ची नवी मशीन १२ हप्त्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर घेऊ? रोखीने तीच २२,४०० ला मिळते. बाजारातले भाव सोबत पाठवते आहे.
– एक वाचक, नागपूर

ताई, कोट शिवा. मशीन घेऊ नका.

तुमच्याच भावांनी हिशेब मांडला. ५८ इंच पन्ह्याचं लोकरी कापड ३ मीटर, २,२५०. अस्तर ३ मीटर ३६०, फ्युझिंग (इस्त्रीने आतून चिकटवायचं कडक कापड) दीड मीटर २२५, बटणं, शोल्डर पॅड, दोरा, सुया मिळून ३४०. पॅटर्न आणि छपाई ९५०, चाचणीच्या कोटाचा मांजरपाट २४५. एकूण ४,३७०. पहिल्या कोटात २,१३० वाचतात. पुढच्यांना पॅटर्न-मांजरपाट नको, तिथे ३,३२५ वाचतात. या वेगाने नव्या मशीनचे पैसे आठव्या कोटाला निघतील. नागपुरात दुपारी स्वेटरही नकोसा होतो, आठ कोट घालणार कोण?

‘नो कॉस्ट’वर जाऊ नका. रोखीची १,६०० ची सूट गेली, वर १९९ प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी. हे कर्ज वर्षाला सुमारे १५ टक्क्यांनी पडतं. शिवणाच्या ऑर्डरी घ्यायचा विचार असेल तर हप्त्याचे २,००० दरमहा आरडीत टाका आणि वर्षाने रोखीने घ्या.

पायाची मशीन सरळ टीप मारते, कोटाला बहुतेक तेवढंच लागतं. १६ नंबरची सुई लावा, फार जाड जागी १८. टाका ३ ते साडेतीन मिलिमीटर. टाके सुटतात ते कॉलरच्या आणि खिशाच्या कोपऱ्यात, जिथे पाच-सहा थर एकावर एक येतात. तिथे आतलं मार्जिन प्रत्येक थराला कमी-जास्त छाटा आणि चाक हाताने फिरवत न्या. खर्च करायचाच तर सर्व्हिसिंगवर आणि वाफेच्या इस्त्रीवर करा. इस्त्री घासली की फ्युझिंगला फुगे येतात. ओलसर फडकं टाकून एकेका जागी १०-१२ सेकंद दाबा, उचला, थंड होईपर्यंत कापड हलवू नका.

पैसे खरे बुडतात कात्री लागल्यावर, कारण कापलेलं कापड दुकानदार परत घेत नाही. म्हणून लोकरी कापड सगळ्यात शेवटी. पॅटर्न छापताना शंभर टक्क्यांवरच छापा आणि कागदावरचा चाचणीचा चौकोन पट्टीने मोजून दिलेल्या मापाशी ताडून बघा; तो २ मिलिमीटरने चुकला तरी छातीला इंचभर फरक पडू शकतो. मांजरपाटाचा कोट मुलीला स्वेटरवर घालायला लावा, हात पुढे घ्यायला सांगा. पाठीत ताणला किंवा मुंढ्यात अडकला तर दुरुस्त करा. जमलंच नाही तर इथेच थांबून तयार कोट घ्या. नुकसान १,१९५ चं, त्याहून जास्त नाही.

मग इतवारी-गांधीबागेत जा. ‘वूलन’ एवढ्या शब्दावर मीटरला ७५० मोजू नका. दोन-चार धागे मागून घ्या आणि जाळून बघा. केस जळल्याचा वास आणि बोटात चुरडणारी राख म्हणजे लोकर. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर किंवा अॅक्रिलिक. दोन्ही दिसलं तर मिश्रण, भावात घासाघीस करा. घरी आणल्यावर लगेच कापू नका. आधी वाफ देऊन आटवा, रात्रभर पसरून ठेवा.