म्युनिकला नव्याने आलात ना? मग हे ऐका

गाडी घ्यायची घाई करू नका. बायर्न-तिकीट (बायर्न म्हणजे बव्हेरिया, म्युनिकचं राज्य) काढा, एका तिकिटावर ५ जणांपर्यंत दिवसभर प्रादेशिक रेल्वेने हिंडता येतं. सोमवार ते शुक्रवार मात्र ते सकाळी ९ नंतरच चालतं, आणि आयसीई या वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्यांत तर कधीच नाही. तिकिटावर नावं लिहा, तपासनीस बघतात. फ्युसेनजवळचा नॉयश्वानश्टाइन राजवाडा बघायचा तर आतल्या फेरीचं तिकीट आधीच ऑनलाइन घ्या. उन्हाळ्यात आयत्या वेळी मिळणं कठीण. (खरं सांगू? मुलांना आतल्या खोल्यांपेक्षा वरचा मारीयनब्रुके पूलच जास्त आवडतो.) किराणा शनिवारीच भरा, रविवारी दुकानं बंद. पाऊस असेल तर त्या दिवशी आल्टे पिनाकोथेक हे चित्रसंग्रहालय गाठा, रविवारी तिथे १ युरोत प्रवेश आहे.