ससा, ड्रॅगन आणि आजीची पत्रिका

सिंगापूरहून एका आईचं पत्र आलं आहे. तेरा वर्षांचा मुलगा रात्री दिवा मालवेपर्यंत एकाच पुस्तकात डोकं घालून बसतो. चिनी वर्षांच्या बारा प्राण्यांच्या शक्ती अंगात आलेल्या मुलांची ती कादंबरी. गावाहून आणलेली रामायण-महाभारताची पुस्तकं मात्र कोरी करकरीत पडून आहेत. राहायला आलेल्या आजी म्हणतात, "उंदरा-डुकरांच्या राशी कसल्या वाचतोस?" त्यात गेल्या आठवड्यात वर्गमित्राच्या आजीने सांगितलं, की तू ड्रॅगन नाहीस, ससा आहेस. तेव्हापासून स्वारी गप्प. आईचा प्रश्न: हे वाचन बंद करू का?

ताई, बंद करू नका. आधी ते पुस्तक तुम्ही वाचा. पत्रातल्या वर्णनावरून ते स्टॅन ली आणि स्टुअर्ट मूर यांचं 'द झोडियॅक लेगसी' दिसतंय. त्याचा पहिला भाग 2015 मध्ये आला. नायक स्टीव्हन ली अमेरिकेत वाढलेला, घराण्याचं मूळ चीनमधलं. शाळेच्या सहलीबरोबर हाँगकाँगच्या संग्रहालयात जातो काय आणि वाघाची शक्ती अंगात घेऊन बाहेर पडतो काय! एका देशात वाढलेला, दुसऱ्या देशातल्या पूर्वजांचा मुलगा. तुमच्या लेकाला हा नायक जवळचा वाटला, यात मला आपल्याकडे पाठ फिरवणं दिसत नाही.

आता सशाचं. चिनी पंचांगात प्रत्येक वर्षाला एक प्राणी असतो, आणि ज्या वर्षी जन्म, तो आपला प्राणी. मुलगा जानेवारी 2012 चा, संक्रांतीच्या आठवड्यातला. त्या वर्षी चिनी नववर्ष 23 जानेवारीला सुरू झालं; सशाचं वर्ष संपून ड्रॅगनचं तेव्हा आलं. सिंगापूरच्या शाळेत जानेवारी ते डिसेंबर जन्मलेली मुलं एका इयत्तेत येतात, म्हणजे त्याचा जवळजवळ अख्खा वर्ग ड्रॅगन. चिनी कुटुंबांत ड्रॅगनचं वर्ष मोठं भाग्याचं मानतात. अशा वर्गात आठवडाभराच्या फरकाने ससा ठरायचं, हे तेराव्या वर्षी मनाला लागतं. "त्यात काय एवढं" असं कृपा करून म्हणू नका.

त्याऐवजी त्याला शर्यतीची गोष्ट सांगा. वर्षांचा क्रम ठरवायला स्वर्गाच्या सम्राटाने प्राण्यांना नदी पार करायला बोलावलं. उंदीर बैलाच्या पाठीवर बसून आला आणि ऐनवेळी उडी मारून पहिला झाला. ससा दगडांवरून उड्या मारत निघाला, मध्येच अडकला आणि एका ओंडक्यावर तरंगत राहिला. उडता येणारा ड्रॅगन खरं तर सहज पहिला आला असता. पण तो वाटेत लोकांसाठी पाऊस पाडायला थांबला आणि नदीवर आल्यावर फुंकर घालून त्याने सशाचा ओंडका काठाला लावला. म्हणून ससा चौथा, ड्रॅगन पाचवा. कादंबरीत सशाची शक्ती किमला मिळते. ती एका जागी नाहीशी होऊन दुसरीकडे प्रकटते. ही शक्ती कुणाला नको असेल?

तुमच्या पत्रातली एक ओळ मी पुन्हापुन्हा वाचली: "सासूबाईंची साठीशांत ठरली होती, त्याच आठवड्यात हा झाला." म्हणजे आजींचा जन्म जानेवारी 1952 चा, संक्रांतीच्याच सुमाराचा. चिनी नववर्ष त्या साली 27 जानेवारीला होतं. आजीसुद्धा ससा! नुसता ससा नव्हे. बारा प्राणी आणि लाकूड, अग्नी, पृथ्वी, धातू, पाणी ही पाच तत्त्वं मिळून त्यांचं चक्र 60 वर्षांचं होतं. आजी धातूचा ससा, नातूही धातूचा ससा.

आपलीही संवत्सरं 60 च, प्रभवापासून क्षयापर्यंत. गुरूला सूर्याभोवती फिरायला सुमारे 12 वर्षं लागतात, अशा पाच फेऱ्यांची साठी. बाराचा हा हिशोब चिनी लोकांकडेही गुरूशीच जोडतात. सासूबाईंची पत्रिका घरात असेल तर काढा. तीत शके 1873, खर नाम संवत्सर, पौष असं सापडेल. मुलाच्या पत्रिकेत शके 1933, आणि संवत्सर तेच, खर. साठाव्या वर्षी शांत करतात, कारण जन्माचं संवत्सर फिरून येतं. ते फिरून आलं आणि त्यात हा आला.

हे तुम्ही सांगू नका. पत्रिका दोघांच्या मध्ये ठेवा आणि मुलाला शोधू द्या. देवनागरी अडखळत वाचेल, आजी बोट ठेवून दाखवतील. सूनबाईने फक्त चहा ठेवावा.

आणखी एक. चिनी वर्ष साधारण आपल्या पौष अमावस्येच्या सुमारास संपतं. यंदा त्या दिवसांत मित्राच्या आजीला भेटायला दोघांना पाठवा. रिवाजाप्रमाणे संत्र्यांची जोडी दोन्ही हातांनी द्यायची, आणि सोबत आपले तिळाचे लाडू. प्राणी अचूक सांगितल्याबद्दल त्या आजींचे आभार मानायलाच हवेत.

रामायण त्याच्या हाती लगेच देण्याची घाई नको. पुस्तकाचे पुढचे भाग मागेल, ते आणून द्या. आणि पत्रिका पाहून सासूबाई काय म्हणाल्या, ते मला जरूर कळवा.