तळ्यातला गाळ, बाजारातली टाकाऊ मासळी आणि जुनी जाळी : आधी मिठाचा हिशेब

शेतकरी बंधू-भगिनींनो,

मे महिन्यात कोळंबीची तळी रिकामी होऊ लागली की गोव्याच्या पेडणे तालुक्यातील आगरवाडा, चोपडे, मोरजी या शापोरा नदीकाठच्या गावांतून विचारणा सुरू होते. यंदा तीन प्रश्न वारंवार आले : तळ्याच्या तळाशी साचलेला काळा गाळ माडांना आणि भाताला घालता येईल का, मासळी बाजारातून फुकट मिळणारी डोकी, आतडी आणि साले यांचे खत कसे करावे, आणि जुनी जाळी बागेच्या कुंपणाला वापरावीत की नाही. टाकाऊ वस्तू पुन्हा कामी लावण्याच्या या पद्धतीला हल्ली चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात. खाजन शेतीला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीवरील शेतीला, हे नाव नवे असले तरी व्यवहार जुना आहे, कारण पावसाळ्यात कोरगुट हा खारेपणा सोसणारा भात घ्यायचा, कापणीनंतर मानशीतून (बांधातील पाणी सोडण्याच्या दारातून) भरतीचे पाणी आत सोडायचे, भाताच्या खुंटांवर आणि सडलेल्या पेंढ्यावर मासळी पोसायची आणि पुढच्या पावसाने जमिनीतले मीठ धुऊन घ्यायचे, हे चक्र आपल्या पूर्वजांनी बसवून ठेवलेले आहे. त्यात पावसाच्या गोड्या पाण्याने मीठ धुण्याचा टप्पा वगळला, तर उरलेले सगळे बिघडते. गाळाच्या बाबतीतही नेमके तेच घडते.

कोळंबीला घातलेल्या खाद्यातील नत्राचा साधारण चौथा भागच तिच्या अंगी लागतो. उरलेला पाण्यात आणि गाळात जातो, म्हणून हा गाळ सकस असतो. मात्र तो खाऱ्या पाण्याखाली राहिलेला असतो. उन्हात तडकलेल्या तळ्यातील गाळाचे ढेकूळ हातात घेऊन पाहा : वर राखाडी थर आणि त्यावर पांढरी मिठाची पुटे दिसतात, मोडल्यावर आत काळाभोर भाग दिसतो आणि कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. तो वास येतो तोवर गाळ कोणत्याही पिकाला घालू नये. वरचा काळा थर उचलून उंचवट्यावर त्याची रास करावी, राशीचे पाणी विहिरीकडे किंवा गोड्या शेताकडे जाणार नाही असा चर काढावा आणि संपूर्ण पावसाळा ती रास उघड्यावर भिजू द्यावी. पावसाबरोबर थोडे नत्रही वाहून जाते, हे मान्य करावे लागते. परंतु सेंद्रिय पदार्थात बांधलेले नत्र आणि स्फुरद बऱ्याच अंशी मागे राहते, आणि मीठ जाण्याच्या मोबदल्यात हा तोटा पत्करण्यासारखा आहे.

चतुर्थीनंतर या गाळाचा नमुना माती चाचणी प्रयोगशाळेत द्यावा आणि विद्युत वाहकता (मिठाचे प्रमाण दाखवणारी) व सामू (आंबटपणा दाखवणारा) दोन्ही तपासून घ्यावेत. संपृक्त अर्काची, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची, वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असलेली जमीन क्षारयुक्त धरतात, आणि भाताच्या सर्वसाधारण वाणांचे उत्पन्न सुमारे ३ च्या पुढेच घटू लागते. अहवाल येईपर्यंत घरच्या घरी एक चाचणी करता येते : एका कुंडीत निम्मा गाळ व निम्मी माती, दुसऱ्या कुंडीत नुसती माती घेऊन दोन्हींत दहा-दहा मूग पेरावेत. पहिल्या कुंडीतील रोपे कमी उगवली किंवा पानांच्या कडा करपल्या, तर गाळ अजून खारा आहे. माडाला थोडे मीठ सोसते, किंबहुना खाडीकाठी माडाच्या मुळाशी मीठ घालण्याची रीत आहेच. म्हणून धुतलेला गाळ प्रथम मोठ्या माडांना, बुंध्यापासून दीड-दोन मीटरवर आळ्यात, प्रत्येकी दोन-तीन घमेली या प्रमाणात घालून पाहावा. मोरड म्हणजे उंचावरील जमिनीतील भात, मिरची आणि भाजीपाला यांना तो मी तरी सुचवणार नाही.

दोन इशारे. तळ्यात पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला असेल, तर तो विषाणू माणसाला किंवा माडाला बाधत नाही, पण गाळाचे पाणी खाडीत उतरल्यास कुर्ल्यांना आणि शेजारच्या तळ्यांतील कोळंबीला बाधू शकतो. असा गाळ तळ्यातच चुना घालून पुरता वाळवावा. दुसरे म्हणजे, काही खाजनांच्या मातीत गंधकाची संयुगे असतात आणि ती उघडी पडून वाळली की माती आंबट होते. ढेकळांवर फिकट पिवळे डाग दिसले, तर सामू पाहिल्याशिवाय गाळ वापरू नये. तिसऱ्या आणि खुब्यांच्या शिंपल्यांची पूड अशा गाळात मिसळता येते, कारण शिंपल्यांत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच असते. मात्र पूड बारीक हवी, अख्खे शिंपले वर्षानुवर्षे तसेच पडून राहतात.

आता मासळीच्या टाकाऊ भागांविषयी. वाळवलेल्या मासळीच्या खतात ४ ते १० टक्के नत्र आणि ३ ते ९ टक्के स्फुरद असते, तेव्हा ही वस्तू गटारात टाकण्याची नाही. बर्फातील ताज्या मासळीचे भाग घ्यावेत. खारवलेल्या सुक्या मासळीची डोकी घेऊ नयेत, त्यांतून पुन्हा मीठच शेतात येते. सर्वांत सोपी रीत म्हणजे एक भाग मासळीला तीन भाग पेंढा, पालापाचोळा किंवा सोडणांचा (नारळाच्या सालींचा) चुरा घेऊन थर लावणे आणि वर वीतभर सुका थर देणे. कुत्री आणि माशा येतात त्या बहुधा हा वरचा थर पातळ ठेवल्यामुळे. या राशीत भाजलेला चुना टाकू नये, नत्र अमोनिया होऊन उडून जाते आणि शेजारीही तक्रार करतात, ती रास्त असते. द्रवरूप खत हवे असल्यास बारीक तुकडे आणि गूळ समान वजनाने प्लास्टिकच्या पिंपात घालावेत, झाकण सैल ठेवावे, रोज ढवळावे आणि सुमारे महिन्याने गाळून प्रतिलिटर पाण्यात ५ मिली या प्रमाणात संध्याकाळी फवारावे. गूळ महाग पडतो, म्हणून हा खर्च मी फक्त भाजीपाल्यासाठी योग्य मानतो.

कोळंबीच्या सालांपासून कायटोसन हा पदार्थ करून विकण्याविषयीही दोघांनी विचारले आहे. ते आम्ल आणि तीव्र अल्कली वापरून कारखान्यात करण्याचे काम आहे, परसात करू नये. घरी साले वरील राशीतच घालावीत.

जाळ्यांचे कुंपण मात्र करू नये. उन्हाने धागे ठिसूळ होऊन भाताच्या खाचरात पडतात, गुरांच्या पोटात जातात, आणि धामणी त्यात अडकून मरतात, ज्या तुमचे उंदीर खातात. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीत जाळी किनाऱ्यावर उतरवून दुरुस्त केली जातात, तेव्हाच टाकाऊ तुकडे वेगळे काढावेत. भंगारवाला सगळे एकत्र घेत नाही, म्हणून गोड्या पाण्याची बादली घ्यावी आणि प्रत्येक जाळ्याचा गाठ सोडलेला, ओला करून हवा दाबून काढलेला तुकडा तीत टाकावा : नायलॉन बुडते, पॉलिइथिलीन व पॉलिप्रॉपिलीन तरंगते. दोन ढीग वेगळे बांधावेत, शिसे आणि बोये काढून घ्यावेत, आणि पावसात भिजण्याआधी ते द्यावेत.