परदेशात घोड्यांच्या फार्मवर व्हॉलंटियरिंगला जायचंय, घोड्यांचा अनुभव शून्य. जमेल का?

तू लिहिलंयस की २२ वर्षांची आहेस, इंदूरचीच आहेस, घोडा फक्त वरातीत जवळून बघितलाय आणि घरचे नाही म्हणतायत. म्हणून सरळ अगं-तुगं करते, राग मानू नकोस. जमेल. मी जुलै २०२४ मध्ये इंग्लंडला २६ दिवस करून आले, आणि जायच्या आधी माझा अनुभव तुझ्याइतकाच होता.

पण राइडिंगचं डोक्यातून काढून टाक आधी. मी तिथे घोड्यावर एकदाही बसले नाही. लीद उचलली. एक मोठा घोडा दिवसाला १५-२० किलो सहज टाकतो, आमच्याकडे चौदा होते, हिशोब तूच कर. सकाळी साडेसहाला तबेले साफ करायचे, पाणी भरायचं, गवताच्या जाळ्या टांगायच्या, मग कुरणात एकचाकी गाडी घेऊन फिरायचं आणि तिथलीही लीद वेचायची, कारण ती पडून राहिली की तिच्यातून जंतांच्या अळ्या गवतावर येतात आणि चरताना परत घोड्याच्या पोटात जातात. दुपारी रॅगवर्ट नावाचं पिवळ्या फुलांचं तण हातमोजे घालून मुळासकट उपटायचं, त्याने घोड्याचं लिव्हर जातं आणि वाळून चाऱ्यात आलं तरी विष ते विषच.

आजीचं म्हणणं होतं की लीद उचलायला विलायतेला कशाला जायचं. आम्ही इंदूरच्या पागनीस पागेत राहतो, नावात पागा आहे आणि गल्लीत सगळ्या स्कूट्या, त्यावरून बाबांनी तिला बराच वेळ होळकरांचं घोडदळ ऐकवलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी इंदूरच्याच सुदीप्ती हजेलाने २०२३ च्या एशियन गेम्समध्ये ड्रेसाजच्या (घोड्याकडून ठरावीक चाली करून घेण्याचा खेळ) टीमबरोबर गोल्ड आणलं होतं ना, त्याचं कात्रण दाखवलं तेव्हा जरा नरमली. तुझ्या घरी पण करून बघ. त्या मुलीचं आणि आपल्या लीद उचलण्याचं काही नातं नाही, पण चालतं.

व्हिसाचं मात्र नीट वाच, इथेच लोक फसतात. "राहणं-जेवण फुकट, बदल्यात काम" हे बऱ्याच देशांत कामच धरतात, पगार नसला तरी, न्यूझीलंडमध्ये तर स्पष्टच. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर व्हॉलंटियरिंग चालतं पण एकूण ३० दिवसांपर्यंत, ते पण रजिस्टर्ड चॅरिटीसाठी, आणि तुझ्या ट्रिपचं मुख्य कारण दुसरं असायला हवं. मी मावसबहिणीकडे गेले होते, ते खरंच होतं आणि फॉर्ममध्ये दोन्ही गोष्टी लिहिल्या. त्याआधी एका फार्मशी बोलणं झालं होतं, ते आठवड्याला सहा दिवस आठ-आठ तास मागत होते आणि चॅरिटी वगैरे काही नव्हतेच, "टुरिस्ट म्हणून या, कोण विचारतंय" म्हणाले. तिथेच बाय केलं. जास्त दिवस राहायचं असेल तर चॅरिटी वर्करचा वेगळा व्हिसा असतो, त्याला स्पॉन्सर लागतो. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून आपल्यासाठी वर्क अँड हॉलिडे व्हिसा सुरू केलाय, वर्षाला १००० जागा, वय १८ ते ३०, पण लॉटरी आहे.

आता अनुभवाचं. मी जायच्या आधी दीड महिना रोज सकाळी जुनी इंदूरमधल्या एका घोडीवाल्याकडे जायचे, तोच वरातीत घोडी लावणारा. आधी हसला, मग खरारा हातात दिला. पाय उचलायला त्यानेच शिकवलं. मी खाली वाकून नुसती ओढत होते, तर म्हणाला, "बेटा, पैर मत खींचो, कंधा लगाओ, अपने आप देगी." खांद्यापाशी शेपटीकडे तोंड करून उभं राहायचं, हात पायावरून खाली न्यायचा, खुराच्या वर मागची शीर हलकेच दाबायची आणि आपला खांदा तिला टेकवायचा. आली की वर! मग टाचेकडून पुढे खरवडत यायचं, मधला मऊ त्रिकोण सांभाळून. तिकडे पहिल्याच दिवशी हे करून दाखवलं आणि मॅनेजरबाई माझ्याशी जरा बऱ्या बोलायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी परत घालवलं ते. एक ठेंगणं गुबगुबीत पोनी उघड्या मातीच्या तुकड्यात एकटं कोंडलेलं, पलीकडे हिरवंगार कुरण, आणि ते कुंपणावरून मान काढून बघतंय. आपल्याकडे मुक्या जनावराला चारा घालणं म्हणजे पुण्यच ना, मी दोन मुठी गवत तोडून घातलं. बाई ओरडल्या नाहीत. मला हाताला धरून शेवटच्या तबेल्यात नेलं. तिथे दुसरं पोनी पुढचे पाय लांब टाकून सगळा भार टाचांवर घेऊन मागे झुकून उभं होतं, एक पाऊल टाकायला तयार नव्हतं. लॅमिनायटिस. हिरव्या गवतातली साखर जास्त झाली की खुराच्या आत सूज येते, फार वाढलं तर आतलं हाड सरकतं. म्हणून त्यांना वाळलं गवतसुद्धा तासभर पाण्यात भिजवून, साखर उतरवून देतात. त्यानंतर मी विचारल्याशिवाय कोणाला गाजरसुद्धा दिलं नाही.

बाकी टिटॅनसचं इंजेक्शन घेऊन जा, पुढे लोखंडी टोपी असलेले बूट घे (पायावर घोडा उभा राहतोच एकदा तरी), आणि घोड्याच्या बरोब्बर मागून कधी जाऊ नकोस, तिथलं त्याला दिसत नाही.

घोडीवाल्याकडे जाणार असशील तर देवउठणी ग्यारसच्या, म्हणजे कार्तिकी एकादशीच्या, आधी जा. लग्नं सुरू झाली की तो रात्री दोनला परत येतो, सकाळी तुला शिकवायला उठणार नाही.