वाचकांचे प्रश्न : ‘छान’ यापलीकडे

प्रश्न : आम्ही काही नवशिके मुलुंडला संध्याकाळच्या वर्गात पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतो आणि एकमेकांचे छोटे प्रकल्प पाहतो. ‘छान’ यापलीकडे काय बोलावे, हे मला सुचत नाही. चूक दाखवली, तर समोरचा हिरमुसतो.
– एक वाचक, मुंबई

उत्तर : अभिप्राय देण्यापूर्वी प्रोग्रॅम स्वतः चालवून पाहावा, नुसता कोड चाळून केलेले कौतुक बहुधा पोकळ निघते. समजा, आपल्या वर्गातील एखादीने लोकलच्या मासिक पासाचा हिशेब करणारा प्रोग्रॅम लिहिला आहे. ‘हिशेबासाठी वेगळे फंक्शन (एकच काम करणारा कोडचा तुकडा) केल्यामुळे मला तो एका वाचनात समजला’ असे नेमके सांगितले, की काय टिकवायचे हे तिला कळते. त्यानंतर एकच त्रुटी, तीही प्रश्नरूपाने मांडावी : ‘रक्कम न भरताच एंटर दाबले, तर काय होईल?’ तिने ते करून पाहिले, की टाइप केलेल्या मजकुराची पूर्ण संख्या करणाऱ्या इंट फंक्शनपाशी व्हॅल्यूएरर, म्हणजे मूल्य चालत नसल्याचा संदेश, दिसेल आणि उपाय बहुधा तीच शोधेल. (गंमत अशी, की देवनागरीत टाइप केलेला ‘१२०’ हा आकडा तेच फंक्शन बिनतक्रार स्वीकारते, तेही तिला दाखवावे.) व्हेरिएबलची नावे, मोकळ्या ओळी यांवर पहिल्याच वेळी बोलू नये. मात्र उत्तरच चुकत असेल, तर हिरमुसण्याच्या भीतीने गप्प बसणे मला पटत नाही. कोणती संख्या दिली असता कोणते उत्तर आले, एवढे तिला लिहून द्यावे.