एक्सएमपी चालू केलं की ५६००एक्सचा ओव्हरक्लॉक कोसळतो: दोष प्रोसेसरचा, बोर्डाचा की रॅमचा?

तुमची अडचण थोडक्यात अशी दिसते. एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड, आणि ८ जीबीच्या चार डीडीआर४-३६०० रॅम स्टिक (३६०० हा त्यांचा वेग), त्यातल्या दोन आधीच्या आणि दोन नंतर घेतलेल्या. हाताने ओव्हरक्लॉक करून (नेहमीपेक्षा जास्त वेग देऊन) सगळे कोअर ४.७ गिगाहर्ट्झवर, व्होल्टेज १.३५. एक्सएमपी (रॅमला पाकिटावरचा वेग देणारी बायोसमधली सेटिंग) बंद असताना मशीन चालतं, चालू केलं की ४.५लासुद्धा निळी स्क्रीन येते. शिवाय दुपारी रेंडर लावला की वीसेक मिनिटांत क्लॉक धपकन खाली येतो. नागपुरात बर्डीवरच्या दुकानदाराने यावर एक्स५७० बोर्ड घ्यायला सांगितलंय.

बोर्ड घेऊ नका, निदान आत्ता तरी. हे दोन वेगळे आजार आहेत. निळी स्क्रीन रॅममुळे येतेय आणि दुपारची घसरण बोर्डाच्या व्हीआरएममुळे (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग). तुम्ही मात्र दोन्हींवर औषध म्हणून प्रोसेसरचं व्होल्टेज वाढवत बसलात.

हे ताडून पाहायला इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्समधल्या सिस्टममध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या) नोंदी शोधा. आयडी १९ आणि ‘बस/इंटरकनेक्ट’ असं दिसलं तर इन्फिनिटी फॅब्रिकला (प्रोसेसरमधले भाग जोडणाऱ्या मार्गाला) तो वेग झेपत नाही. आयडी १८ आणि ‘कॅश हायरार्की’ असेल तर बहुतेक वेळा कोअरला व्होल्टेज कमी पडतंय. यातलं काहीच नाही, पण निळ्या स्क्रीनवर दरवेळी नवीन नाव येतं, कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी आयआरक्यूएल, तर संशय सरळ रॅमवर. तुमच्या वर्णनावरून मला हा तिसरा प्रकार वाटतो.

कारण साधं आहे. झेन ३ (५६००एक्सची पिढी) प्रोसेसरसाठी एएमडीचा अधिकृत आकडा दोन स्टिकवर ३२००, आणि सिंगल रँकच्या (चिपांचा एकच गट असलेल्या) चार स्टिक असतील तर २९३३. पाकिटावर ३६०० छापलंय ते त्या पाकिटातल्या दोन स्टिकपुरतं. दोन वेगवेगळी पाकिटं एकत्र लावली की ती हमी संपली. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या स्टिकमध्ये आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. त्यात बहुतेक स्वस्त बोर्डांवर स्लॉटची जोडणी डेझी चेन पद्धतीची असते, म्हणजे दोन स्टिक छान चालतात आणि चार लावल्या की सिग्नल बिघडतो. प्रोसेसरला कितीही व्होल्टेज पाजलं तरी हे सुधारत नाही.

तेव्हा सुरुवात रॅमपासून, आणि प्रोसेसर पूर्ण स्टॉकवर ठेवून. आधी बायोस अपडेट करा. त्यातल्या एजेसाची (एएमडीचा मूळ कोड) १.२.०.७ किंवा त्यापुढची आवृत्ती हवी. यूएसबी मध्येच तुटण्याचा त्रास १.२.०.२मध्ये आणि एफटीपीएममुळे (सुरक्षेचा अंतर्गत भाग) मशीन अडखळण्याचा त्रास १.२.०.७मध्ये मिटला. अपडेट यूपीएसवरच करा, मधेच लाइन गेली तर बोर्ड बसलाच. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर आधी ते सस्पेंड करा, नाहीतर पुढच्या बूटला रिकव्हरी की मागेल. मग ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स लोड करा.

आता एकाच पाकिटातल्या दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा, बाकीच्या काढून ठेवा. एक्सएमपी चालू करा (काही बोर्डांवर त्याला डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी म्हणतात). विंडोजमध्ये झेनटायमिंग्स उघडून तीन आकडे बघा: एमसीएलके (रॅम), एफसीएलके (फॅब्रिक) आणि यूसीएलके (मेमरी कंट्रोलर) तिन्ही १८००, म्हणजे ३६००च्या निम्मे, हवेत. यूसीएलके ९०० दिसलं तर मेमरी कंट्रोलर अर्ध्या वेगाने पळतोय, मग ३६००चा फायदा पाण्यात.

दोन स्टिक नीट चालल्या की चारही लावा, पण ३६००वर लगेच उडी मारू नका. रॅम ३२००, एफसीएलके १६००, गिअर डाउन मोड (रॅमला थोडी सवलत देणारी सेटिंग) चालू, रॅमचं व्होल्टेज १.३५, एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) १.१. व्हीडीडीजी (फॅब्रिकचं व्होल्टेज) हाताने देत असाल तर ते एसओसीपेक्षा निदान ०.०५ व्होल्टने कमी ठेवा. एसओसी ऑटोवर सोडू नका. एक्सएमपी लावल्यावर काही बोर्ड ते परस्पर १.२पर्यंत नेतात, आणि त्याचा तोटा पुढे पीबीओत (एएमडीचा आपोआप ओव्हरक्लॉक) भरावा लागतो.

३२०० ऐकून निराश होऊ नका. ३६०० सीएल१८ आणि ३२०० सीएल१६ (सीएल म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती क्लॉक घेते), दोन्हींचं पहिलं लेटन्सी गणित बरोबर १० नॅनोसेकंद येतं. जाते ती थोडी बँडविड्थ. चार स्टिकवर ३४६६ चाललं तर बोनस समजा. ३६००साठी हट्ट धरण्यात मला अर्थ वाटत नाही.

तपासणीला मेमटेस्ट८६चे चार पास आणि मग विंडोजमध्ये टेस्टमेम५. एकही एरर चालणार नाही, ‘फक्त एकच आली’ असं नसतं. आणि ही चाचणी रात्री नको, दुपारी तीनला करा. रॅम तापली की तिच्या पेशींतला चार्ज लवकर गळतो. टायमिंग आवळलेलं असेल तर डिसेंबरात पास झालेली सेटिंग नवतप्यात नापास होते.

आता दुसरा आजार. एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘थर्मल थ्रॉटलिंग प्रोचॉट ईएक्सटी’ अशी ओळ असते. रेंडर चालू असताना तिथे ‘येस’ आलं तर गरम प्रोसेसर नाही, बोर्ड झालाय, आणि तोच बाहेरून ब्रेक लावतोय. सेन्सर असेल तर व्हीआरएम मॉसचं (मॉसफेट, व्हीआरएममधल्या चिपा) तापमानही दिसेल. ते शंभराच्या आत राहू द्या.

५६००एक्ससोबत आलेल्या रेथ स्टेल्थचा पंखा खाली फुंकतो, म्हणजे सॉकेटभोवतीच्या मॉसफेटनाही वारा मिळतो. टॉवर हीटसिंक लावला की प्रोसेसर थंड होतो, पण त्याचा वारा आडवा जातो आणि व्हीआरएम कोरडं पडतं. अशा बोर्डावर त्या चिपांवर बहुधा छोटा हीटसिंक असतो, काहींवर तोही नसतो. वर तुमची हाताने ठरवलेली १.३५ व्होल्टची सेटिंग: मॅन्युअल मोडमध्ये प्रोसेसरची ७६ वॅटची पीपीटी (एकूण विजेची) मर्यादा लागूच होत नाही. सगळा करंट व्हीआरएमच्या त्या चार फेजमधून (वीज वाटून घेणाऱ्या शाखांतून). ८० किंवा ९२ मिमीचा एक पंखा झिप टायने व्हीआरएमकडे तोंड करून बांधा. दिसायला गबाळं दिसेल, पण नव्या बोर्डाआधी हे करून बघाच.

कूलरबद्दलही सांगतो (नागपुरात कूलर म्हणजे खिडकीतला, म्हणून प्रोसेसरच्या कूलरला मी हीटसिंक म्हणतोय). हीटसिंक प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली २५वरून ४०वर गेली की प्रोसेसरही जवळजवळ तेवढेच १५ अंश वर जातो, आणि याची कमाल मर्यादा ९५ आहे. कूलर चालवा, पण कॅबिनेट त्याच्या थेट झोतात ठेवू नका. पाण्याचे बारीक तुषार सुकून पांढरा क्षार बसतो आणि त्यावर धूळ चिकटते.

रॅम आणि व्हीआरएम जागेवर आले की मग प्रोसेसर. फिक्स ४.७ सोडून द्या. ५६००एक्स मुळात एका कोअरवर ४.६ला जातोच. त्यावर १०० मेगाहर्ट्झ म्हणजे जेमतेम दोन टक्के. पीबीओ ॲडव्हान्स्ड घ्या. मर्यादा ‘मदरबोर्ड’वर न ठेवता हाताने द्या. स्टॉक आकडे पीपीटी ७६ वॅट, टीडीसी (सलग करंट) ६० आणि ईडीसी (क्षणिक करंट) ९० अँपिअर आहेत. तुमच्या बोर्डाला मी ९५, ७०, १०० देईन. पीपीटीमध्ये एसओसीचे वॅटही मोजले जातात. एसओसी उगाच १.२वर ठेवलं की तेवढे वॅट कोअरच्या वाट्यातून जातात, हाच तो मघाचा तोटा. पीबीओ बायोसमध्ये दोन ठिकाणी सापडेल, एएमडी ओव्हरक्लॉकिंगमध्ये आणि बोर्डाच्या स्वतःच्या मेनूत. एकाच ठिकाणी बदला.

कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारी सेटिंग) सगळ्या कोअरना निगेटिव्ह १०पासून सुरू करा. एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. रायझन मास्टरमध्ये चांदणी असलेले चांगले कोअर कमी निगेटिव्ह सहन करतात, बाकीचे २०–२५पर्यंत जाऊ शकतात. बूस्ट ओव्हरराइड (कमाल वेगात वाढ) आधी शून्य, मग १०० मेगाहर्ट्झ. इथे सिनेबेंचवर (पूर्ण भाराची चाचणी) विसंबू नका. कर्व्ह चुकला की मशीन पूर्ण भारावर नाही, तर ब्राउझर उघडा ठेवून चहाला गेलात की रीस्टार्ट होतं, कारण सर्वात उंच बूस्ट हलक्या कामातच लागतो. एकेका कोअरला तपासणारा कोअरसायक्लर रात्रभर चालवा. एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ बघा. वरचा क्लॉक ४.७ आणि पूर्ण भारावर इफेक्टिव्ह ४.४ असेल तर ते क्लॉक स्ट्रेचिंग, म्हणजे व्होल्टेज जास्तच उतरवलंय.

हलक्या कामात १.४५च्या आसपास व्होल्टेज दिसलं तर घाबरू नका. तेव्हा करंट कमी असतो, ती त्याची नेहमीची चाल आहे. १.३५ फिक्स ठेवून सगळ्या कोअरवर तासन्‌तास रेंडर करणं त्याहून वाईट.

सेटिंग बदलल्यावर बूटच झालं नाही तर वीज बंद करून क्लिअर सीमॉसच्या दोन पिना काही सेकंद जोडा, किंवा सीआर२०३२ सेल काढून पाच मिनिटं थांबा. आणि दोन स्टिकवर ३२००लाही एरर आल्या तर एकेक स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये एकटी लावून तपासा. बोर्डाच्या दुकानात जायच्या आधी ती स्टिक वॉरंटीत द्यावी लागेल.